खुराचा खुलासा

कुणाबद्दल कुजबुज सुरू झाली की पहिले आठ दिवस काहीही छापायचं नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. मी तो कित्येक वर्षं पाळला आणि एका सोमवारी मोडला. ही त्या सोमवारची आणि पुढच्या चार दिवसांची हकिकत.

धंदा प्रसिद्धीचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमाराला नागपुरात हे काम करणारी बाई नेमकं काय करते, ते कुणालाच कळायचं नाही. धरमपेठेतल्या आमच्या घरमालकीणबाईंची समजूत होती की मी दुकानांच्या पाट्या रंगवते. मी सीताबर्डीवर, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत, एका लहानशा जाहिरात कंपनीत होते. मजकूर लिहायचा, फोटोचे छपाईसाठी ब्लॉक करून घ्यायचे, वर्तमानपत्रांत पोचवायचे, आणि गिऱ्हाइकानं काही गोंधळ घातला तर तो निस्तरायचा. कंपनी म्हणजे मालक, मी आणि एक टाइपरायटर.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं इतवारीतले एक मसालेवाले. प्रत्येक पुडीवर त्यांचा फोटो. कपाळाला गंध, हात जोडलेले, आणि खाली 'शंभर टक्के सात्त्विक'. फोटोची कल्पना माझी आणि ओळही माझीच. ती इतकी लागू पडली की शहरात शाकाहार संमेलन भरायचं ठरलं तेव्हा स्वागताध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव पुढे आलं. संमेलन पंधरा दिवसांवर होतं. मालकांनी मला सांगून ठेवलं होतं, "बाई, हे गिऱ्हाईक आहे तोवर तुमचं टेबल आहे."

टेबल गेलं तर मी कुठं जाणार, तेही ठरलेलं होतं. अमरावतीला, भावाकडे. तो दर महिन्याला पत्र लिहायचा आणि शेवटी, "मागची खोली रिकामीच आहे," हे वाक्य असायचं. ती खोली मी पाहिली होती. एकच खिडकी, आणि तीही वहिनीच्या स्वयंपाकघरात उघडणारी.

आता घरचं. नवऱ्यापासून मी दोन वर्षं वेगळी होते. खरं तर मी होते तिथंच होते, वेगळा तो झाला होता. त्याला हौशी नाटकांचं वेड. तालीम आमच्या बैठकीत, रोज, अकरा माणसं, आणि चहा माझ्याकडे. एक दिवस मी साखर संपल्याचं सांगितलं. कलेची कदर नसलेल्या घरात राहणार नाही म्हणून तो महाल भागातल्या मित्राच्या खोलीवर निघाला. जाताना आईला म्हणाला, "चल."

सासूबाई म्हणाल्या, "मी काहून येऊ? तुह्या मित्राच्या खोलीत नळ हाय का?"

नळ नव्हता. त्या माझ्याकडेच राहिल्या. तो रोज संध्याकाळी आईला भेटायला यायचा आणि जेवून जायचा. घटस्फोटाचं कुणी काढलं नाही. कागदपत्रं कोण करत बसणार? त्याच्याशी बोलताना माझं अहो-जाहो सुटलं नव्हतं. इथं लिहिताना मात्र एकेरीच लिहिते.

आणि कोराडीचे इंजिनिअरसाहेब. विधुर, घरमालकीणबाईंचे लांबचे नातेवाईक, वीज केंद्रात नोकरीला. दर रविवारी पाचच्या बसनं यायचे. कॉलरवर बारीक राख असायची, म्हणून आमच्या खुर्चीवर आधी स्वतःचा रुमाल अंथरायचे आणि मग बसायचे. चहा घेत तासभर बॉयलरबद्दल बोलायचे आणि सातच्या बसनं परत. कुणीच कुणाला काही विचारलं नव्हतं, पण एक पुरुष दर रविवारी बॉयलर समजावायला आठ-नऊ मैल येत नाही, एवढं मला कळत होतं. सासूबाईंचं त्यांच्याबद्दल चांगलं मत होतं. "त्याच्या क्वार्टरात चोवीस तास लाइट हाय," असं त्या मुलाच्या देखत म्हणायच्या.

त्या रविवारी साहेब आले नाहीत. मी चहा केला, वाट पाहिली, दोघांचा मीच प्यायले. सासूबाई घरी नव्हत्या. महिन्यातून एकदा मुलगा त्यांना गोळीबार चौकाजवळच्या सावजी खानावळीत न्यायचा. पगारानंतरचा हा त्यांचा मायलेकांचा नेम होता, आणि भांडणं कितीही असली तरी मोडायचा नाही. साडेसातला परत आल्या त्या तिखटानं नाक पुसतच.

"तुहा तो पुडीवाला दिसला वं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तोच. हात जोडनारा. आज जोडलेले नवते. दोन हातात खूर होता."

सावजीकडचा खूर म्हणजे बकऱ्याचे पाय, काळ्या झणझणीत रश्शातले. नळी दातांनी फोडून चोखावी लागते. एका हातानं होत नाही.

"कुठं बसले होते?"

"मांगं, पडद्याच्या आड. कांद्याच्या पोत्यावर. आमी हात धुवाले गेलो तं दिसला."

"त्यांनी तुम्हाला पाहिलं?"

"मले काहून पाहीन? तो खुराकडं पाहून राहिला होता. पन तुह्या नवऱ्यानं त्याले नमस्कार केला. वल्ल्या हातानं."

"कशाला?"

"मोठा मानूस हाय म्हने."

मी म्हटलं, जाऊ दे. एक पाहणारी म्हातारी आणि एक नमस्कार करणारा तिचा मुलगा. एवढ्यानं काही होत नाही.

सोमवारी सकाळी घरून निघताना कोराडीचा एक मनुष्य साहेबांची चिठ्ठी देऊन गेला. न आल्याबद्दल माफी असणार. मी ती न उघडता पर्समध्ये टाकली आणि ऑफिसला गेले. पाठोपाठ मसालेवाले जिना चढून आले. चेहरा त्यांच्याच हळदीच्या पुडीसारखा.

"बाई, पेपरात येऊन राहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"तुम्हाले समजलं असंन."

"कुणी सांगितलं पेपरात येणार म्हणून?"

"पेपरवाल्यानं मले नमस्कार केला. मी त्याले पेपराच्या खिडकीत पाह्यलं हाय. पेपरवाले फुकट नमस्कार करत नाईत, बाई."

इथं मी एक वाक्य बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. तो माणूस बातम्या लिहीत नाही. तो खिडकीत बसून छोट्या जाहिराती घेतो. तो सगळ्यांनाच नमस्कार करतो. आणि तो माझा नवरा आहे. पण नवरा म्हटलं की तो महालात का राहतो, ते सांगावं लागलं असतं, आणि मग साखर, आणि मग अकरा माणसं. ऑफिसात घरचं काढायचं नाही, हा माझा दुसरा नियम. दुसरा पाळायला गेले आणि पहिला मोडला.

"जाहीर खुलासा द्यायचा हाय," ते म्हणाले.

आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत शेवटून दुसऱ्या पानावर एक रकाना असायचा. कुणाचं रेशनकार्ड हरवलं, कुणी कुणाला इस्टेटीतून काढलं, कुणाच्या प्लॉटवर कुणाची हरकत, आणि जाहीर खुलासे. पहिल्या पानावर युद्ध असलं तरी नागपूरकर आधी हा रकाना वाचायचा.

"आठ दिवस गप्प बसा," मी सांगून पाहिलं. "आणि खुलासा द्यायचा तर काय नाकारताय ते लिहावं लागतं."

"लिहा."

"सगळं?"

"सगळं. अर्धं लिहिलं तं लोक म्हनतीन, लपवून राहिला."

मी मालकांकडे पाहिलं. मालक गिऱ्हाइकाकडे पाहून मान डोलवत होते. मी कागद ओढला. "रविवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता म्हणून लिहू?"

"तुम्हीच सांगा. त्याच्यासाठीच तं तुम्ही हा."

रविवार संध्याकाळ म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गाव यायचं. मी लिहिलं:

"काही हितशत्रू अशी अफवा पसरवीत आहेत की, आम्ही गेल्या रविवारी सायंकाळी गोळीबार चौकाजवळील एका खानावळीत खूर खात होतो. सदर अफवा सपशेल खोटी असून त्या वेळी आम्ही कोराडी येथे देवीच्या दर्शनास गेलो होतो. तरी अशा ठिकाणांशी आमचे नाव जोडू नये."

दुपारी तो कागद घेऊन मी वर्तमानपत्राच्या खिडकीशी उभी राहिले. नवऱ्यानं वाचला, परत वाचला, चष्मा काढला.

"अफवा कोन पसरवून राहिलं?"

"कुणीच नाही."

"मंग खुलासा कायचा? मी आनि आई, दोघंच तं होतो."

"माहीत आहे. घ्या."

"खोटं हाय हे."

"तुमच्या नाटकात खरं असतं का?"

त्यानं शब्द मोजायला सुरुवात केली. कोराडीपाशी पेन्सिल थांबली. "कोराडीच काहून? रामटेक काहून नाई?"

"सुचलं ते लिहिलं."

"सुचतेच कसं, ते समजून राहिलं मले," तो म्हणाला आणि शिक्का इतक्या जोरात मारला की दौत सांडली.

मंगळवारी खुलासा आला. सोमवारपर्यंत ही गोष्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जणांना माहीत होती. मंगळवारी सकाळी सातला नळावर घरमालकीणबाईंनी मला विचारलं, खूर म्हणजे पुढचे पाय का मागचे? नऊला दूधवाल्यानं खानावळीचा नेमका पत्ता विचारला. सीताबर्डीवर पोचेपर्यंत लोकांचं खाल्ला की नाही यावर बोलून संपलं होतं आणि चोखला की हातोडीनं फोडला यावर चाललं होतं. इतवारीत मसालेवाल्यांच्या दुकानासमोर माणसं पुडी घेऊन फोटोकडे बघत उभी होती. त्या फोटोतले जोडलेले हात आता वेगळेच दिसायला लागले होते, हे मलाही मान्य करावं लागलं.

बुधवारी त्याच रकान्यात खानावळवाल्याचा खुलासा आला.

"सदर गृहस्थ गेली अकरा वर्षे आमच्याकडे मागील दाराने येत असून त्यांनी आजवर अन्नाला नाव ठेवलेले नाही. सोमवारी व शनिवारी ते पाळतात, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. आमच्या खानावळीस 'अशा ठिकाणां'त मोजण्याचे कारण समजले नाही."

आणि त्याच्या बरोबर खाली, माझ्या नवऱ्याची सूचना. कर्मचाऱ्यांना तेवढी सवलत असायची.

"धरमपेठेत राहणारी आमची पत्नी ही कायद्याने अद्याप आमची पत्नी असून, दर रविवारी पाचच्या बसने येणाऱ्या व्यक्तींनी याची नोंद घ्यावी."

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा जेवायला आला. मी ताट वाढलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण घरमालकीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं होतं. तरी सासूबाईंनी त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी छापायला हवं तर आदल्या रात्री आठपर्यंत मजकूर द्यावा लागतो, हे त्यांनी मुलाकडूनच बोलता बोलता काढून घेतलं. तो त्या आठवड्यात दुपार ते रात्रीच्या पाळीला होता. जेवण उरकून खिडकीत परत जाऊन बसला. दहा मिनिटांनी सासूबाई चप्पल घालून तयार.

"चाल," मला म्हणाल्या. "मले एकटीले रस्ता नाई समजत."

खिडकीसमोर चार माणसं होती. त्या सरळ पुढे गेल्या.

"लिही," त्या म्हणाल्या.

"आई, इथं नको ना."

"तू इथंच लिहिलं ना गा? मंग माहं बी इथंच लिही. लिही, हा पोट्टा माहा हाय, पन याच्या लिहिन्याशी माहा काई संबंध नाई."

"पोट्टा छापता येत नाई."

"काहून? खोटं हाय का?"

मागं रेशनकार्ड हरवलेला एक गृहस्थ उभा होता. तो म्हणाला, "माय, चिरंजीव लिहाले सांगा."

"चिरंजीव लिही. आनखी लिही, रविवारी जो येते तो बसाले आपला रुमाल घेऊन येते. हा रोज येते तं याले ताट वाढलेलं पाह्यजे. तवा नोंद यानंच घ्यावी."

"आई, लोक पाहून राहिले."

"तवाच तं बोलून राहिली."

त्यानं लिहून घेतलं. शब्दही मोजले. खिडकीवर बसलेल्या माणसाला मजकूर नाकारता येत नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम होता, आणि तो त्यानं मोडला नाही. एवढं श्रेय मी त्याला देते.

गुरुवारी तो मजकूर आला. मी तो ऑफिसात वाचत होते तोच इंजिनिअरसाहेब जिना चढून आले. आठवड्याच्या मधल्या वारी, रजा टाकून. माझ्यासमोरच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल अंथरला आणि बसले.

"तुमच्या यजमानांची सूचना मी काल वाचली," ते म्हणाले. "मला वाटलं, मीही लेखी काही द्यायला हवं. कालच स्वतः नेऊन दिलं. आज वाचकांच्या पत्रव्यवहारात आलंय."

मी पान उलटलं.

"गेल्या रविवारी दुपारी तीन ते सायंकाळी सातपर्यंत कोळशाचा ट्रक उलटल्याने कोराडी मार्ग दोन्ही बाजूंनी बंद होता. सबब कोराडीहून नागपुरास कोणी येणे अथवा नागपुराहून कोराडीस कोणी जाणे शक्य नव्हते. ज्यांनी चहा करून ठेवला असेल त्यांनी गैरसमज करून घेऊ नये."

"साहेब," मी म्हटलं, "मंगळवारचा आमच्या गिऱ्हाइकाचा खुलासा वाचला होता तुम्ही?"

"वाचला ना. म्हणून तर लिहिलं. ते कोराडीला येऊन गेले म्हटल्यावर रस्ता चालू होता असं होतं. मग मी मुद्दाम आलो नाही असं तुम्हाला वाटलं असतं."

"मला तसं वाटलं नव्हतं."

"पण मी चिठ्ठीत सगळं लिहिलं होतं. ट्रकचा नंबरसुद्धा."

मी पर्स उघडली. चिठ्ठी होती. ट्रकचा नंबरही होता. चार दिवस ती माझ्याजवळ फिरत होती, आणि मी त्याच बंद रस्त्यानं एका माणसाला देवीच्या दर्शनाला पाठवलं होतं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ खोटं लिहिलं, पण असं आळशी खोटं पहिलं आणि शेवटचं.

मालकांनी पत्र वाचलं, घडी घातली. "बाई, शनिवारपर्यंत टेबल रिकामं करा," ते म्हणाले. रागावले नव्हते. हिशेबाला सोपं गेलं असावं.

शुक्रवारी सकाळी मी खण आवरला. एक कात्री, डिंकाची बाटली, शाई वाळलेले तीन पेन, आणि मसालेवाल्यांच्या फोटोचा जस्ताचा ब्लॉक. मग भावाला पत्र लिहायला घेतलं. "ती. दादास सा. न. वि. वि. मागच्या खोलीबद्दल तू लिहितोस, तर मी येत्या" इथपर्यंत आले होते. तोच जिन्यावर पावलं वाजली. सावकाश चढणारी. मसालेवाले. मी पत्रावर कात्री ठेवली.

ते समोर बसले. जस्ताचा ब्लॉक उचलून स्वतःचं तोंड पाहिलं.

"मी काल गेलतो," मग म्हणाले.

"कुठं?"

"तिथंच. सारं तं छापून आलं. आता घरी बसून काय करू म्हटलं. पुढच्या दारानं गेलो."

"मग?"

"खानावळवाला गल्ल्यावरून उठला. म्हने, ये गा, मधात बस. मधल्या टेबलावर बसवलं. लोकाइनं सरकून जागा देली. कोनी हासलं नाई. एक जन तं म्हने, शेठजी, नळी अशी धरा, लवकर फुटते." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "अकरा वर्सं मी खूर जल्दी जल्दी खाल्ला, बाई. पोत्यावर बसून. काल पयल्यांदा हळूहळू खाल्ला."

मी डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"संमेलनवाल्याइले नाई म्हनून सांगून आलो. त्याइले बी बरं वाटलं." मग पुढे वाकले. "तिथं मसाला कोनाचा हाय, माहीत हाय का? माहाच. अकरा वर्सांपासून. साध्या पोत्यात भरून देतो, नाव न टाकता. त्याची पुडी काढाची हाय."

पलीकडे मालकांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि चहा मागवला.

आता गिऱ्हाईक आपल्या पायानं परत आलं होतं आणि मी गप्प राहून टेबल राखू शकले असते. पण चुकीवर पुडी उभी करायची तर आधी चूक सांगायला हवी.

"एक सांगायचंय," मी म्हटलं. "तुम्हाला नमस्कार करणारा तो माणूस बातम्या लिहीत नाही. तो माझा नवरा आहे. तो सगळ्यांनाच नमस्कार करतो."

"मंग सोमवारी काहून नाई सांगितलं?"

"तो महालात का राहतो, ते सांगावं लागलं असतं."

"धरमपेठची सूचना तुमचीच होती का?"

"होय."

"आनि माय? चिरंजीववाली?"

"सासूबाई."

त्यांनी विचार केला. मग पोट धरून हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, मालकांनी त्यांना पाणी दिलं. "बाई," डोळे पुसत ते म्हणाले, "म्हंजे तुम्ही बी पोत्यावरच बसून होत्या."

मी कागद ओढला. "फोटो नवा लागेल. हात जोडलेले चालणार नाहीत. बाह्या वर करा, समोर ताट ठेवू. आणि आता कोणताही खुलासा नाही. देवीचाही नाही."

"खाली काय लिहान?"

ते सासूबाईंनी रविवारीच सांगून ठेवलं होतं. मी लिहिलं: 'रस्सा मसाला. दोन्ही हात लागतात.'

ती पुडी पुढं किती वर्षं चालली, ते नागपूरकरांना सांगायला नको. सात्त्विकवाली त्यांनी बंद केली नाही. सोमवारी आणि शनिवारी लागते म्हणाले. लगेचच्या रविवारी त्यांनी आम्हाला खानावळीत बोलावलं. सासूबाई मधल्या टेबलाच्या टोकाशी बसल्या. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला इंजिनिअरसाहेब, रुमालावर. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रस्सा तिखट लागून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि त्यांनी थँक्यू म्हटलं. दीड वर्षानं साहेबांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी मला एकदा विचारलं. मी नाही म्हटलं, आणि दोघांनाही बॉयलरचं बोलणं संपल्याचं थोडं वाईट वाटलं. नवरा अजून महालातच राहतो. मित्राच्या खोलीत आता नळ आला आहे. जेवायला इकडेच येतो.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र मी खण पुन्हा भरला. भावाचं पत्र कात्रीखाली अर्धंच पडलं होतं. चांगला कागद होता, फाडून टाकायचं जिवावर आलं. म्हणून तेच वाक्य पुढं नेलं: "मागच्या खोलीबद्दल तू लिहितोस, तर मी येत्या दिवाळीला दोन दिवस येईन. खोलीत वहिनींनी खुशाल पापड वाळवावेत. मसाल्याची नवी पुडी निघाली की पाठवते. वापरायची कशी ते तिच्यावर लिहिलेलं असेल."